तेवीस कलमांची गाडी

म्वांथी मास्तरांच्या गाडीचं सर्व्हिसिंग करायला हवं याबद्दल दुमत नव्हतं. ते कोणी करायचं यावर मात्र नैरोबीजवळच्या आमच्या निम्म्या मचाकोस गावानं मत दिलं. उरलेल्या निम्म्या गावाला मास्तरांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं होतं, त्यामुळे ती मंडळी भिडेखातर गप्प राहिली.

गाडी सतरा वर्षांची. त्यातली पहिली आठ वर्षं ती जपानात कुणाकडे तरी होती आणि तिथल्या सवयी तिनं सोडल्या नव्हत्या. किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत एकच वाक्य बोलायची. ती नमस्कार करते, असं मास्तरांचं मत होतं. ती तक्रार करते, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे कालेक्येचं मत होतं. गाडी घरात आल्यापासूनच्या नऊ वर्षांत या प्रश्नाचा निकाल लागला नव्हता.

एरवी मास्तर गाडी ओउमाकडे नेत. ओउमा हा बाजारामागच्या बाभळीखाली बसणारा फुंडी. आमच्याकडे मेकॅनिकला फुंडी म्हणतात आणि फुंडीकडे गाडी सोडून जात नाहीत. मालकानं शेजारी दगड ओढून बसायचं, बॉनेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत, आणि डोळा हलवायचा नाही. मास्तरांनी असे कित्येक शनिवार त्या दगडावर काढले होते. बारावीच्या वह्यासुद्धा त्यांनी तिथंच तपासल्या होत्या. पण गेल्या वर्षी एका शनिवारी ते फक्त पाच मिनिटं लघवीला गेले, आणि परत आले तेव्हा गाडीतली नवी बॅटरी बरीच प्रौढ झालेली होती. ओउमा म्हणाला, तुम्हाला भास होतोय. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला भास झाला असं म्हणणं मास्तरांना फार लागलं. त्या दिवसापासून त्यांनी बाभळीखालचा रस्ता सोडला.

राहिलं कंपनीचं वर्कशॉप. ते गावात एकच होतं, आणि खरी अडचण तिथंच होती. तिथला सर्व्हिस मॅनेजर म्हणजे किथेकासाहेब, आणि किथेकासाहेबांची मुलगी न्दिंदा हिच्याशी मास्तरांच्या मुलाचं, मुसाऊचं, लग्न ठरत होतं. तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी दहा वाजता, मास्तरांच्या मंडळींनी मुआच्या डोंगरावर किथेकांच्या घरी तीन शेळ्या पोचवायच्या होत्या. त्या स्वीकारल्या की मुलगी दिली. पुढच्या देण्याघेण्याचा आकडाही त्याच बैठकीत निघायचा. उशीर झाला तर दंड, तोही शेळीच्या रूपात.

मास्तरांचे काका न्दोलो हे मुलाच्या बाजूनं बोलणारे. गेली चाळीस वर्षं घराण्यातल्या सगळ्या बैठका त्यांनीच लढवल्या होत्या. त्यांनी मास्तरांना समोर बसवून बजावलं, की मुलाचा बाप भाड्याच्या गाडीतून उतरला तर आकडा चढतो, फार चकचकीत गाडीतून उतरला तरी चढतो. आपली स्वतःची, जुनी पण धडधाकट गाडी हवी. आणि बोलणी होईपर्यंत त्या माणसाला गाडीचं पोट दाखवू नकोस. पोट पाहिलेल्या माणसाशी घासाघीस होत नाही.

हे मास्तरांना पटलं. पण डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता आणि मुआचा चढ सोपा नव्हता. कालेक्येनं साफ सांगितलं, "मुसाऊचे बाबा, सर्व्हिसिंग केल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही, आणि न्दोलोकाकांनाही बसू देणार नाही. ते ऐंशीचे आहेत. त्यांना ढकलायला लावू नका."

तेव्हा मास्तरांनी टेहळणी केली. किथेकासाहेब दर मंगळवारी मुख्य कचेरीच्या बैठकीला नैरोबीला जातात असं कळलं. मंगळवारी सकाळी आठ वाजता मास्तर डोक्यावर टोपी ओढून कंपनीच्या दारात हजर झाले. त्यांचा बेत असा, की किथेका गावी नसताना सर्व्हिसिंग उरकायचं आणि ते परतायच्या आत सटकायचं.

काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून ग्राहक क्रमांक विचारला. मास्तरांकडे तो नव्हता. तो मिळवण्यासाठी एक फॉर्म होता, आणि त्या फॉर्मवर गाडीच्या मूळ सर्व्हिस-बुकाचा नंबर लिहायचा होता. मास्तरांनी पुस्तक पुढं केलं. ते अथपासून इतिपर्यंत जपानीत होतं. मुलीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि आतल्या माणसाला दाखवायला नेलं. आतला माणूस जेवायला गेला होता. सकाळी आठला कोण जेवतं, असं मास्तरांनी विचारलं. मुलगी म्हणाली की तो रात्रपाळीचा आहे. अखेर नंबराच्या रकान्यात तिनं मास्तरांच्या जन्मतारखेचा आकडा टाकला आणि कॉम्प्युटरनं तो आनंदानं घेतला.

यानंतर मास्तर सवयीनं वर्कशॉपकडे निघाले आणि बसायला दगड शोधू लागले. शिपायानं त्यांना अडवलं. ग्राहकांना आत जायला मनाई होती. त्यांना काचेच्या खोलीत बसवून फुकट चहा दिला, बिस्किटंही दिली. मास्तरांनी ती खाल्ली नाहीत. काचेपलीकडे त्यांची गाडी जमिनीपासून डोक्याइतकी वर उचलली गेली होती आणि तिचं पोट तीन अनोळखी तरुण उजेड टाकून न्याहाळत होते. मास्तरांना फार संकोच वाटला. आपलं स्वतःचं ऑपरेशनसुद्धा त्यांनी इतक्या उघड्यावर करून घेतलं नसतं.

अर्ध्या तासानं मुलगी छापील यादी घेऊन आली. त्यात गाडीचे दोष होते, एकूण तेवीस. एकविसावं कलम असं, की मागचा उजवा दरवाजा तारेनं बांधलेला आहे. ती तार मास्तरांनी स्वतः, विचारपूर्वक बांधली होती. पण त्यांचं खरं लक्ष गेलं ते शेवटच्या ओळीकडे. तिथं लिहिलं होतं: मंजुरीसाठी, श्री. किथेका.

"हे त्यांच्याकडे कशाला जाईल?" मास्तरांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"पंधरापेक्षा जास्त कलमं असली तर साहेब स्वतः बघतात. उद्या येतील. गाडी राहू दे इथेच."

मास्तरांनी यादी खिशात घातली, पोटात कळ आल्याचं सांगितलं आणि गाडी खाली उतरवून घेतली. यादीची दुसरी प्रत फायलीत राहिली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. 

त्या संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, की आपण सर्व्हिसिंग स्वतः करणार. जो माणूस वीस वर्षं उष्णतेचे नियम शिकवतो त्याला साधं ऑइल बदलता येऊ नये हा शिक्षणाचा अपमान आहे. कालेक्येनं विचारलं, उष्णतेचा नियम गाडीला माहीत आहे का. मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

बातमी कुंपणापलीकडे जायला वेळ लागला नाही. डावीकडचे कियोको हे निवृत्त पोलीस सार्जंट, बावीस वर्षं सरकारी जीप चालवलेले. त्यांनी सल्ला दिला की ऑइल नेहमी थोडं जास्तच घालावं, पोलिसांत आम्ही तसंच करायचो, एकही गाडी कधी तक्रार करत आली नाही. उजवीकडच्या म्बिथेबाई इस्पितळात नर्स. त्यांचं म्हणणं, रक्त आणि ऑइल यात फरक नाही, जुनं पूर्ण निघाल्याशिवाय नवं चढवू नये. शिवाय जुनं ऑइल फेकू नका, माझ्या खुराड्याच्या खांबांना वाळवी लागलीय, त्यांना फासायला होईल. दोघांनीही मदतीला यायचं कबूल केलं, म्हणजे खुर्ची घेऊन बघायला यायचं.

शाळेच्या परीक्षा आडव्या आल्या, आणि काम ढकलत ढकलत शेळ्यांच्या आदल्या दिवसावर, शुक्रवारवर आलं. दुपारी मास्तरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट घातला, गाडी जॅकवर चढवली, चाकांना दगड लावले आणि पाठीवर झोपून खाली सरकले. सुरुवात अत्यंत शास्त्रशुद्ध झाली हे त्यांचे शत्रूही मान्य करतील.

खाली त्यांना दोन नट दिसले, एक पुढं, एक जरा मागं. त्यातला पुढचा गंजलेला, काळा, चिकट. मागचा स्वच्छ. मास्तरांनी विचार केला, की ज्या नटाला पुन्हा पुन्हा हात लागतो तो स्वच्छ राहणार. हा विचार तर्काच्या दृष्टीनं निर्दोष होता. त्यांनी मागच्या नटाला पाना लावला, तो सुरेख फिरला, आणि खालच्या घमेल्यात लालभडक, पारदर्शक ऑइल पडू लागलं.

"बघा," मास्तर खालूनच म्हणाले. "म्हणे ऑइल खराब झालंय. कलम तिसरं. सरबतासारखं आहे."

कियोकोंनी वाकून पाहिलं आणि कंपनीवाले लुटतात असा निष्कर्ष काढला. म्बिथेबाई म्हणाल्या, रंग तर ताज्या रक्ताचा आहे, इतकं चांगलं बदलता कशाला. पण मास्तर सुरू केलेलं काम सोडणारे नव्हते. नट बसवून त्यांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनच्या तोंडात चार लिटर नवं ऑइल ओतलं. मग मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टी पार वरपर्यंत भिजली होती, हात धरायच्या कडीपर्यंत.

"जास्त झालं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं जास्तच घालायचं," कियोको म्हणाले. "सांगितलं होतं ना मी."

मास्तरांनी गाडी अंगणात चार पावलं पुढं, चार पावलं मागं घेतली. जपानी बाई नेहमीचं वाक्य बोलली. पाठीमागून निळसर धूर निघाला, पण तो कियोकोंच्या मते जुनी घाण बाहेर पडत असल्याचा होता. लाल ऑइल म्बिथेबाईंनी बादलीत नेलं आणि अंधार पडायच्या आत खुराड्याचे सहाही खांब लाल झाले. त्या रात्री मास्तर फार समाधानानं झोपले. एका पुरुषानं आपल्या हातानं काहीतरी केलं होतं, आणि त्यासाठी त्याला ना दगडावर बसावं लागलं, ना काचेमागं.

शनिवारी सकाळी ताफा निघाला. पुढं मित्राच्या पिकअपमध्ये मुसाऊ आणि तीन शेळ्या. मध्ये मास्तरांची गाडी, तिच्यात न्दोलोकाका, कालेक्ये आणि दोन आत्या. मागं मिनीबस भरून गाणाऱ्या बायका. सपाटीवर गाडी ठीक चालली. मुआचा चढ लागला तसं इंजिन ओरडू लागलं आणि गाडी मात्र रेंगाळू लागली. मास्तर जितका पाय दाबत तितका आवाज वाढे आणि तितका वेग कमी होई. न्दोलोकाकांनी काठी टेकून विचारलं की आपण चाललोय की नुसतं सांगतोय. शेवटच्या वळणावर, जिथून वर किथेकांचं फाटक दिसतं, तिथं गाडी थांबली. मग ती अत्यंत हळू, पण निश्चयानं, मागं यायला लागली. मास्तरांनी हातब्रेक ओढला. बाई जपानीत काहीतरी बोलली, आणि या वेळी ती तक्रारच होती याबद्दल गाडीत एकमत झालं.

रस्ता अरुंद. मास्तरांची गाडी आडवी, म्हणून मिनीबसही अडकली. पिकअप मात्र केव्हाच पुढं गेली होती. अशा रीतीनं नवरा मुलगा आणि तीन शेळ्या दहाच्या ठोक्याला फाटकात पोचल्या आणि त्यांच्या बाजूनं बोलणारं माणूस एकही नव्हतं. मुलीकडच्या बायकांनी आजवर मुलाशिवाय शेळ्या आणि शेळ्यांशिवाय मुलगा पाहिला होता. हा प्रकार नवीन होता. त्यांनी फाटक लावून घेतलं आणि मुसाऊला शेळ्यांसोबत बाहेर उभं केलं.

इकडे मास्तर बॉनेट उघडून धुरात उभे होते. त्यांना गाडीचं काही वाटत नव्हतं. तीस वर्षांच्या मुलाला आपल्या बापामुळे शेळ्यांजवळ उभं राहावं लागतंय, हे त्यांना सोसत नव्हतं. मुसाऊनं त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हीच एक गोष्ट मागितली होती, की बाबा, वेळेवर या.

तेवढ्यात वरून एक माणूस चालत खाली आला. पांढराशुभ्र सदरा, नव्या चपला. किथेकासाहेब. न्दोलोकाका काठी आडवी धरून पुढं झाले. शेळ्या स्वीकारायच्या आधी मुलीच्या बापानं फाटकाबाहेर येणं रीतीला धरून नाही, असं त्यांनी खणखणीत सांगितलं.

"काका, मी मुलीचा बाप म्हणून आलो नाही," किथेका म्हणाले. "गाडी बंद पडलीय म्हणून आलोय. हे माझं कामच आहे."

काकांनी आडवी धरलेली काठी खाली घेतली. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. किथेकांनी चाकांना दगड लावायला सांगितले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी ते गाडीखाली गेले. मास्तरांना वर उभं राहवेना. तेही शेजारी सरकले. वरच्या मंडळींना आता दोन्ही व्याह्यांचे फक्त पाय दिसत होते.

"मास्तर, ऑइल कुणी बदललं?"

"मीच."

"कुठल्या रंगाचं निघालं?"

"लाल. इतकं स्वच्छ होतं, की मला वाटलं उगीच बदलतोय."

किथेकांनी डोळे मिटले. 

"ते इंजिनचं नव्हतं," ते म्हणाले. "ते गिअरबॉक्सचं. इंजिनचं जुनं आत आहे तसंच आहे. त्याच्यावर तुमचं नवं. ते लाल कुठंय आता?"

"शेजारणीच्या खुराड्याच्या खांबांना."

किथेकांचं पोट हलायला लागलं. गाडीखाली जागा कमी असल्यानं ते मास्तरांना जाणवलं. माणूस हसतोय हे कळल्यावर मास्तरांना संतापही आला आणि रडूही आलं. ते म्हणाले, हसा. उद्या गावभर सांगा. पण मुलाची काही चूक नाही, त्याला उन्हात उभं करू नका. गाडी मी तुमच्याकडे आणली नाही, कारण तुम्ही तिचं पोट पाहावं अशी माझी इच्छा नव्हती.

"पोट मी पाहिलंय," किथेका म्हणाले. "तुमची यादी जवळजवळ तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. तेवीस कलमं. दरवाजा तारेनं बांधलाय तोसुद्धा."

मास्तरांना वाटलं, आपण इथेच, या गाडीखाली, कायमचं राहावं.

"घरी नेऊन वाचली मी ती," किथेका नट चाचपत म्हणाले. "बायको म्हणाली, असल्या घरात मुलगी द्यायची? मी म्हटलं, मुलाला इंजिनिअर केलंय, मुलीला डॉक्टरकीला घातलंय, आणि स्वतः तार बांधून फिरतोय. पैसा कुठं गेला ते या यादीत लिहिलेलंच आहे. असंच घर हवं. आता बाहेर निघू. आपण दोघांनी बोलायचं नसतं, काका रागावतील."

गिअरबॉक्सचं ऑइल मुआवर मिळणार नव्हतं. म्हणून मिनीबसमधल्या बावीस बायका खाली उतरल्या आणि गाणं म्हणत त्यांनी गाडी वर ढकलली. फाटकातल्या बायका वरून उत्तराचं गाणं म्हणू लागल्या. कालेक्येनं सांगितल्याप्रमाणे न्दोलोकाकांना ढकलावं लागलं नाही. ते आत बसून हात हलवत होते. गाडी इतक्या थाटात याआधी कधीच चढली नव्हती. उशिराबद्दल एका शेळीचा दंड झाला, आणि काकांनी तो फारशी कुरकूर न करता कबूल केला. आकडा बेताचा निघाला. किथेकांच्या बायकोनं मास्तरांच्या काळ्या झालेल्या कोटाकडे पाहून काही बोलायचं टाळलं आणि दंडाच्या शेळीच्या रश्शाचं पहिलं भांडं त्यांच्यापुढं ठेवलं.

गाडी तिथंच राहिली. पुढच्या रविवारी मास्तर बसनं मुआवर गेले. किथेका अंगणात तिच्याखाली झोपले होते. त्यांच्या घरामागं, आंब्याच्या सावलीत, त्यांची स्वतःची गाडी चार विटांवर उभी होती. चाकांखाली गवत वाढलं होतं.

"ही कंपनीत का नेत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"तिथं कोण काम करतं ते मला माहीत आहे," किथेका खालूनच म्हणाले. "ओउमाचा मोठा मुलगा माझ्याकडेच आहे. तीन वर्षांपूर्वी हिचा रेडिएटर मी स्वतःच काढला. तेव्हापासून बसवतोय."

 मास्तरांनी सवयीनं कुंपणाजवळचा एक दगड ओढला, आपल्या गाडीशेजारी ठेवला आणि त्यावर बसले. किथेकांनी खालून दगड ओढल्याचा आवाज ऐकला.  तासभर असाच गेला. मग न्दिंदानं दारातून हाक मारली, की बाबा, सासरेबुवा, चहा झालाय, आत या.

किथेका हात पुसत म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी हे बॉनेटमधलं उरकून येतो.

मास्तर उठले. बॉनेट सताड उघडं होतं. ते दगडाजवळ क्षणभर घुटमळले, मग कोट झटकून सरळ घराकडे चालू लागले. दारापर्यंत त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. दारात मात्र एकदा पाहिलं. बॅटरी जागेवर होती.